पावतीवरचा अर्धा सेंट: अमेरिकेतल्या काउंट्या बस-रेल्वेसाठी पैसा कसा उभा करतात

ऑक्टोबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एका कायद्यावर सही केली. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरिया या भागातल्या पाच काउंट्यांमध्ये विक्रीकर वाढवायचा का, हा प्रश्न नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीत मतदारांपुढे ठेवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. अॅलमीडा, कॉन्ट्रा कोस्टा, सॅन मटेओ आणि सांता क्लारा या चार काउंट्यांत अर्धा टक्का, सॅन फ्रान्सिस्कोत एक टक्का, आणि मुदत 14 वर्षं. वर्षाकाठी जमणारी रक्कम साधारण एक अब्ज डॉलर. हा पैसा मुख्यतः बार्ट, म्युनी, कॅलट्रेन, एसी ट्रान्झिट या रेल्वे आणि बस सेवा चालू ठेवण्यासाठी आहे. एकट्या बार्टला वर्षाला 35 ते 40 कोटी डॉलरची तूट दिसते आहे.

फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सॅन होजे या गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांना या बातमीने गोंधळात टाकलं आहे. तिकीट तर आपण काढतोच, मग कपडे किंवा लॅपटॉप घेताना पुन्हा बसचे पैसे का द्यायचे? सरकार आधीच इतके कर घेतं, ते जातात कुठे? आणि कर लावायचाच असेल तर सरकारने लावावा, मतदान कशाला? प्रश्न अगदी रास्त आहेत. उत्तरासाठी जवळपास पन्नास वर्षं मागे जावं लागतं, पण आधी पावती नीट वाचायला हवी.

पावतीवर नेमकं काय काय असतं

काउंटी म्हणजे राज्य आणि शहर यांच्या मधला स्तर. आकाराने आपल्या जिल्ह्यासारखी, पण तिचा कारभार कलेक्टर चालवत नाही. लोकांनी निवडून दिलेलं पर्यवेक्षकांचं मंडळ तो चालवतं. काउंटीत अनेक शहरं असतात आणि प्रत्येक शहराची स्वतःची नगरपरिषद असते. बस मात्र शहराच्या हद्दीवर थांबून चालत नाही, त्यामुळे वाहतुकीचा विचार बहुधा काउंटीच्या पातळीवर होतो.

विक्रीकर, म्हणजे तिथल्या बोलीत सेल्स टॅक्स, हा शेवटच्या ग्राहकाकडून एकदाच घेतला जातो. जीएसटीसारखी टप्प्याटप्प्याने वजावट मिळण्याची साखळी त्यात नाही. दुकानातल्या वस्तूवरची किंमत कराशिवायची असते आणि कर गल्ल्यावर वर चढतो. कॅलिफोर्नियात किराणा मालावर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर हा कर नाही. घरभाड्यावर नाही, न्हाव्यापासून वकिलापर्यंतच्या सेवांवरही नाही. कपडे, फर्निचर, फोन, मोटारी, पेट्रोल, हॉटेलातलं जेवण यांवर आहे.

राज्यभरातला किमान दर 7.25 टक्के. त्यावर काउंट्या आणि शहरं आपापले तुकडे चढवतात. 2025 च्या अखेरीस सॅन होजेत हा दर 9.375 टक्के होता. या 9.375 ची फोड केली की सगळा इतिहास बाहेर येतो. किमान दरातला पाव टक्का 1971 च्या राज्य कायद्याने प्रत्येक काउंटीच्या वाहतूक निधीसाठी बाजूला काढलेला आहे. सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी 1976 मध्ये बससेवेसाठी अर्धा टक्का दिला. 2000 मध्ये, मुख्यतः बार्ट सॅन होजेपर्यंत आणण्यासाठी, आणखी अर्धा. 2008 मध्ये ती बार्ट चालवण्यासाठी एक अष्टमांश, 2016 मध्ये रस्ते-रेल्वे-सायकलमार्ग अशा मिश्र यादीसाठी अर्धा आणि 2020 मध्ये कॅलट्रेनसाठी एक अष्टमांश.

वाहतुकीच्या या तुकड्यांची बेरीज केली तर बरोबर दोन टक्के होतात. शंभर डॉलरची खुर्ची घेतली की दोन डॉलर वाहतुकीला जातात. तिथे याला 'अर्धा सेंट', 'पाव सेंट' असं म्हणतात, कारण डॉलरमागे तेवढे सेंट कापले जातात. 'अर्धा सेंट' ऐकायला नगण्य वाटतो. पण 2016 च्या अर्ध्या सेंटमधून 30 वर्षांत सुमारे 6.3 अब्ज डॉलर येतील असा अंदाज होता, आणि तोही 2017 च्या किमतींनी मोजलेला.

मालमत्ता कर असताना हा खटाटोप का?

जून 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 13, म्हणजे थेट मतदानाला टाकलेला एक राज्यव्यापी प्रस्ताव, मंजूर केलं. घरांच्या किमती आणि त्यांबरोबर मालमत्ता कर इतका वेगाने वाढत होता की निवृत्त माणसांना स्वतःच्या घरात राहणं परवडेनासं झालं होतं. प्रपोझिशन 13 ने मालमत्ता कराला मूल्यांकनाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. घर विकलं जाईपर्यंत ते मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येणार नाही, असंही ठरलं. स्थानिक संस्थांचं मालमत्ता करातलं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं.

दुसरीकडे पेट्रोलवरचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवर थांबलेला आहे. महागाई वाढली, गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या, काही विजेवर गेल्या, पण तो आकडा हलला नाही. वॉशिंग्टन पैसे देतं ते बहुतेक बांधकामासाठी, आणि तेही स्थानिकांनी स्वतःचा वाटा आधी ठेवला तर.

मग काउंटीच्या हातात काय उरलं? विक्रीकर. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नये. तोच एक दरवाजा उघडा राहिला होता. वाहतुकीसाठी स्वतःचा विक्रीकर लावणाऱ्या अशा 25 काउंट्या कॅलिफोर्नियात आज आहेत. त्या स्वतःला अभिमानाने 'सेल्फ हेल्प' काउंट्या म्हणवतात, आणि राज्याची बहुसंख्य लोकसंख्या त्यांच्यातच राहते.

दोन तृतीयांशांची भिंत

प्रपोझिशन 13 मध्ये आणखी एक कलम होतं, आणि पुढची चार दशकं त्यानेच गाजवली. ठरावीक कामासाठी राखून ठेवलेला कर, म्हणजे विशेष कर, लावायचा असेल तर दोन तृतीयांश मतं हवीत. जो कर थेट सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्याला मात्र साधं बहुमत पुरतं.

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. महिन्याचा मेंटेनन्स सेक्रेटरीच्या हाती जातो आणि तो पाणी, वॉचमन, रंग असा कुठेही वापरता येतो. लिफ्टसाठी वेगळी वर्गणी काढली तर ती लिफ्टलाच लागली पाहिजे, तिचं खातं वेगळं, हिशेब वेगळा. सभासदांचा भरवसा साहजिकच दुसऱ्या प्रकारावर जास्त असतो. कॅलिफोर्नियाचा नियम इथे उलटा चालतो. ज्या कराचा उपयोग आधीच बांधून दिला आहे, तो मंजूर करायला जास्त मतं लागतात. जो कुठेही खर्च होऊ शकतो, त्याला कमी. मला हे मुळातूनच अन्यायाचं वाटतं, पण राज्यघटनेत ते तसंच लिहिलेलं आहे.

या भिंतीवर किती डोकी आपटली, ते बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिस काउंटीने 1980 मध्ये अर्ध्या सेंटचा प्रस्ताव ठेवला आणि त्याला सुमारे 54 टक्के मतं पडली. प्रपोझिशन 13 प्रमाणे तो नापास व्हायला हवा होता. 1982 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या संस्थेला मालमत्ता कर लावण्याचा अधिकारच कधी नव्हता, तिला दोन तृतीयांशांची अट लागू होत नाही. कर टिकला, आणि लॉस एंजेलिसच्या मेट्रो रेल्वेचा पाया त्यावर घातला गेला.

सांता क्लारा काउंटीने 1992 मध्ये असाच प्रयत्न केला. तिलाही जवळपास तेवढीच मतं मिळाली, पण 1995 मध्ये त्याच न्यायालयाने तो कर रद्द ठरवला. काउंटीने हार मानली नाही. 1996 मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन वेगळे प्रश्न ठेवले गेले. पहिला सल्लावजा होता: काउंटीला नवा पैसा मिळाला तर तो या अमुक वाहतूक प्रकल्पांवर खर्च करावा का? दुसरा होता सर्वसाधारण तिजोरीसाठी अर्ध्या सेंटचा कर, मुदत नऊ वर्षं. दुसऱ्याला साधं बहुमत पुरणार होतं आणि ते मिळालं. पुन्हा खटला झाला, पण 1998 मध्ये अपील न्यायालयाने ही जोडी वैध ठरवली. गंमत अशी की 1996 च्या त्याच दिवशी मतदारांनी प्रपोझिशन 218 ही मंजूर केलं होतं. एकाच कामासाठी नेमलेल्या संस्थांना सर्वसाधारण कर लावण्याची वाट त्याने बंद केली आणि दोन तृतीयांशांची भिंत आणखी पक्की केली.

त्यानंतरचे निकाल तर दशांशावर ठरत गेले. 2008 मध्ये सांता क्लाराचा एक अष्टमांश सेंट 66.78 टक्क्यांनी पार पडला. लागत होते 66.67. चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये आधीच्या कराची मुदत वाढवण्याचा प्रस्ताव 66.1 टक्के मतं मिळवूनही पडला. त्याच दिवशी अॅलमीडा काउंटीचा प्रस्ताव जेमतेम काहीशे मतांनी हुकला. दर तीन मतदारांपैकी जवळजवळ दोघांनी 'हो' म्हटलं, आणि निकाल 'नाही' लागला.

2017 मध्ये चित्र बदललं. अपलँड नावाच्या शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाचा आधार घेऊन पुढे न्यायालयांनी असं ठरवलं की प्रस्ताव सरकारी मंडळाने न आणता नागरिकांनी सह्या गोळा करून आणला, तर विशेष करालाही साधं बहुमत चालतं. बे एरियाच्या नव्या कायद्यात सह्यांची ही वाट मुद्दाम ठेवली आहे. म्हणूनच तो प्रस्ताव पन्नास टक्क्यांच्या वर गेला की पुरे.

सर्वसाधारण कराचं ताजं उदाहरण हवं असेल तर तेही सांता क्लाराचंच आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या मतदारांनी पाच वर्षांसाठी पाच अष्टमांश सेंट मंजूर केला. प्रचार होता काउंटीची सरकारी रुग्णालयं वाचवण्याचा, पण कायद्याने तो सर्वसाधारण कर आहे. त्याला साधं बहुमत पुरलं आणि ते सहज मिळालं.

पैसा जमल्यावर तो कुठे जातो

बहुतेक काउंट्यांत कराच्या प्रस्तावाबरोबरच खर्चाचा आराखडा बांधलेला असतो. कुठल्या कामाला किती पैसे किंवा किती टक्के, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि हिशेब तपासायला नागरिकांची देखरेख समिती असते. मतदार या आराखड्यावरच मत देतो, म्हणून नंतर तो मनाला येईल तसा बदलता येत नाही.

लॉस एंजेलिसच्या 1980 च्या करात चौथा हिस्सा थेट शहरांना, 35 टक्के रेल्वेला आणि उरलेले 40 टक्के विवेकाधीन ठेवले होते. शहरांना मिळणाऱ्या वाट्याला तिथे 'लोकल रिटर्न' म्हणतात. काउंटीत 88 शहरं आहेत, आणि दूरच्या छोट्या शहराने आपल्याकडे मेट्रो येणार नसताना 'हो' का म्हणावं, याचं उत्तर हा वाटा देतो. त्याच कराने मतदारांना आणखी एक गोष्ट दिली. जुलै 1982 पासून तीन वर्षं बसचं भाडं 85 सेंटवरून 50 सेंटवर आणलं गेलं. प्रवासी सुमारे 40 टक्क्यांनी वाढले. 1985 मध्ये सवलत संपली, करातला वाटा रेल्वेच्या बांधकामाकडे वळला, भाडं चढलं आणि बसचे प्रवासी घटू लागले.

हा प्रसंग मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. बांधणं आणि चालवणं ही दोन वेगळी खाती आहेत. बांधायला एकदा मोठी रक्कम लागते. ती कर्जरोखे काढून आज उभी करता येते आणि पुढची तीस वर्षं विक्रीकरातून फेडता येते. केंद्र सरकारही त्यात भर घालतं. चालवायला मात्र दर महिन्याला ड्रायव्हरचा पगार, टायर, वीज, सफाई लागते. बस चालवण्यासाठी कोणी तीस वर्षांचं कर्ज काढत नाही, आणि काढूही नये.

मत मिळवताना मात्र बांधकाम विकलं जातं. नकाशावर नवी रेघ दिसते, उद्घाटनाची तारीख सांगता येते. 22 नंबरची बस पंधरा मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी येईल, या वचनाचं पोस्टर बनत नाही. सांता क्लाराचा 2016 चा आराखडा उघडून बघा. बार्टच्या दुसऱ्या टप्प्याला 1.5 अब्ज डॉलर, शहरांतल्या रस्त्यांना 1.2 अब्ज, एक्सप्रेसवेंना 75 कोटी, हायवेच्या इंटरचेंजना 75 कोटी, कॅलट्रेनच्या फाटकांवर पूल-भुयारांसाठी 70 कोटी. बस आणि लाइट रेल (ट्रामसारखी रेल्वे) चालवण्यासाठी 50 कोटी. एकूण 6.3 अब्जांतला हा आठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा. कराला जवळपास 72 टक्के मतं पडली. त्या मतदारांपैकी किती जणांनी हा शेवटचा आकडा पाहिला असेल?

ज्याला परवडत नाही त्याच्यावरच बोजा पडतो का?

पडतो, आणि हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. वर्षाला चाळीस हजार डॉलर कमावणाऱ्याचा जवळपास सगळा पगार खर्च होतो. चार लाख कमावणाऱ्याचा मोठा भाग बचतीत, शेअरमध्ये आणि घराच्या हप्त्यात जातो, जिथे विक्रीकर नाही. दोघांनी सारख्याच किमतीचा फोन घेतला तर कर सारखाच, पण पगाराच्या मानाने पहिल्याला तो दहापट. किराणा, औषधं आणि घरभाडं वगळल्यामुळे धार थोडी बोथट होते, नाहीशी होत नाही.

याचं समर्थन करताना सांगतात की बसमध्ये बसणाराही तोच, म्हणजे पैसे त्याच्याकडेच परत येतात. हे खरं ठरायला पैसा बसला मिळाला पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये 1994 साली बस रायडर्स युनियनने याच मुद्द्यावर मेट्रो या तिथल्या वाहतूक संस्थेवर खटला भरला. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई प्रवाशांनी खचाखच भरलेल्या बस दुर्लक्षून पैसा उपनगरांच्या रेल्वेवर घातला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. 1996 मध्ये न्यायालयात तडजोड झाली. दहा वर्षं भाड्यावर लगाम राहिला आणि गर्दी कमी करण्यासाठी नव्या बस घ्याव्या लागल्या. कर गरिबाला जड जातो की नाही, याचं निम्मं उत्तर त्याच्या दरात असतं आणि निम्मं खर्चाच्या आराखड्यात.

मी तर बसमध्ये चढतच नाही

सोसायटीत तळमजल्यावरचे काका लिफ्टच्या वर्गणीला हाच आक्षेप घेतात. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांना लिफ्टचा फायदा खरंच थोडा आहे. मोटार चालवणाऱ्याचं तसं नाही. या करांतला मोठा हिस्सा रस्त्यांना, खड्ड्यांना आणि हायवेला जातो, हे वरच्या आकड्यांत दिसलंच. सांता क्लाराचा 1984 चा अर्धा सेंट तर पूर्णपणे हायवेसाठी होता. रूट 85, रूट 237 आणि 101 ची मोठी कामं त्यातूनच झाली. आज क्युपर्टिनोहून 85 वर गाडी घालणारा माणूस त्या विक्रीकराच्या पैशांनी बांधलेल्या रस्त्यावरून जातो आहे.

आणि तिकिटातून सगळा खर्च निघावा ही अपेक्षा असेल, तर महामारीपूर्वी बार्ट त्याच्या बरीच जवळ होती. चालवण्याच्या खर्चातला साधारण दोन तृतीयांश भाग भाडं आणि पार्किंगमधून येत असे. अमेरिकेत हे दुर्मीळ होतं. 2020 मध्ये ऑफिसं घरी आली आणि तेच बळ उलटलं. जी सेवा प्रवाशांच्या पैशावर सगळ्यात जास्त उभी होती, तीच सगळ्यात खोल खड्ड्यात गेली.

मंदी आली तर? आणि सगळी खरेदी ऑनलाइन झाली तर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडूनही राज्य विक्रीकर वसूल करायला लावू शकतं. कॅलिफोर्नियात ते 2019 पासून लागू आहे. काउंटीचा जादा कर तर वस्तू जिथे पोचते तिथल्या दराने लागतो. मोटारीचंही तसंच: शेजारच्या काउंटीतल्या डीलरकडून गाडी घेतली तरी कर नोंदणीच्या पत्त्याप्रमाणे. दर चुकवायला पूल ओलांडून जाण्यात काही हाती लागत नाही.

मंदीचा प्रश्न खरा आहे. लोक हात आखडता घेतात तेव्हा विक्रीकर आधी घसरतो, आणि नेमकं तेव्हाच नोकरी गेलेल्या माणसाला मोटार परवडेनाशी होऊन बस लागते. 2000 मध्ये डॉटकॉमच्या ऐन भरतीत सांता क्लाराच्या मतदारांनी बार्टसाठी मत दिलं. पुढच्याच वर्षी मंदीने गाठलं. काउंटीच्या विक्रीकराचं उत्पन्न कोसळलं आणि व्हीटीए या वाहतूक संस्थेला भाडं वाढवून फेऱ्या कमी कराव्या लागल्या. चांगल्या वर्षांत राखीव निधी बाजूला ठेवणं हाच यावरचा उपाय, आणि आराखड्यात तो नसेल तर मतदाराने विचारायला हवं.

सगळीकडे असंच असतं का?

नाही, आणि काही ठिकाणी 'नाही' म्हणण्याची किंमत अजून मोजली जात आहे. अटलांटामध्ये 1971 साली फुल्टन आणि डीकाल्ब या दोन काउंट्यांनी मार्टा या सेवेसाठी एक टक्का मंजूर केला. कृष्णवर्णीय मतदारांचा पाठिंबा मिळावा म्हणून बसचं भाडं 40 सेंटवरून 15 सेंटवर आणण्याचं वचन दिलं होतं, आणि ते पाळलं गेलं. क्लेटन आणि ग्विनेट यांनी मात्र प्रस्ताव फेटाळला. शहरातला काळा समाज गाडीत बसून उपनगरात येईल, ही भीती त्यामागे मोठी होती. क्लेटनने 2014 मध्ये मत बदललं. ग्विनेट आज खूप वेगळी, अनेक वंशांची काउंटी आहे, तरी 2019, 2020 आणि 2024 मध्ये तिथे 'नाही'च आलं. त्या काउंटीत अजून एकही मेट्रो स्थानक नाही.

नॉर्थ कॅरोलिनात शार्लट शहर असलेल्या मेक्लेनबर्ग काउंटीने नोव्हेंबर 2025 मध्ये एक टक्का मंजूर केला. तिथे वाटणी आधीच ठरली होती: 40 टक्के रस्ते, 40 टक्के रेल्वे, 20 टक्के बस.

महाराष्ट्रातल्या वाचकाला जकात आठवेल. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतलेल्या त्या कराने मुंबई महापालिकेची तिजोरी भरत असे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, आणि महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर आली. मेट्रोसाठी मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथे मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार लागतो. म्हणजे स्थानिक वाहतुकीसाठी खास पैसा आपल्याकडेही गोळा होतो. फरक इतकाच की तो लावताना घर घेणाऱ्याला कोणी विचारलं नाही, त्याची मुदत कधी संपणार ते त्याला माहीत नाही, आणि त्यातून बसला काय मिळालं हे विचारायची जागाही नाही. पुण्यात पीएमपीच्या बसची वाट बघणाऱ्या माणसाला असा आराखडा वाचून मत द्यायची संधी मिळाली तर तो काय लिहील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ज्यांना मत नाही त्यांचं काय

बे एरियातले हजारो मराठी लोक एच-1बीवर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. ते दर पावतीवर हा कर भरतात, पण मत देऊ शकत नाहीत. बातमी वाचून सोडून देतात ते बहुधा म्हणूनच. पण आराखडा मतदानाच्या दिवशी ठरत नाही. तो आधीचं वर्ष-दीड वर्ष वाहतूक मंडळांच्या जाहीर बैठकांत ठरतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे या बैठका खुल्या असतात आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही, नावसुद्धा सांगावं लागत नाही. हायवेचे कंत्राटदार तिथे असतात, बांधकाम कामगारांच्या संघटना असतात, सिलिकॉन व्हॅलीच्या कंपन्यांचे प्रतिनिधी असतात. रोज 22 नंबरने जाणारा क्वचितच असतो.

बे एरियाच्या नव्या प्रस्तावाचं वेगळेपण इथे लक्षात येतं. पैसा प्रामुख्याने चालणाऱ्या गाड्या चालू ठेवण्यासाठी, असं तो उघडपणे सांगतो. नकाशावर दाखवायला नवी रेघ नाही, कापायला फीत नाही. कर गरिबाला जड आहे आणि 14 वर्षांनी तोच प्रश्न परत येणार, हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरी चालवण्याच्या खर्चासाठी सरळ मत मागणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

सांता क्लारात पुढचा प्रसंगही फार लांब नाही. 2000 मध्ये मंजूर झालेला अर्धा सेंट एप्रिल 2006 मध्ये सुरू झाला आणि तीस वर्षांनी, मार्च 2036 मध्ये, संपतो. त्याच्या जोरावर बार्ट जून 2020 मध्ये मिलपीटास आणि बेरीएसापर्यंत पोचली. तिथून पुढचा सॅन होजेच्या मध्यवस्तीतून सांता क्लारापर्यंतचा सहा मैल आणि चार स्थानकांचा टप्पा अजून बाकी आहे. त्याचा खर्च 12 अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे 5.1 अब्ज देऊ केले. व्हीटीएच्या अंदाजाप्रमाणे हा टप्पा 2036-37 च्या सुमारास सुरू होईल. म्हणजे ज्या कराने तो बांधला जातो आहे, त्याची मुदत संपेपर्यंत मध्यवस्तीतली पहिली गाडी सुटलेली असेलच असं नाही. ती गाडी चालवण्यासाठी 2008 चा एक अष्टमांश सेंट 2042 पर्यंत आहे. त्या गाडीपर्यंत प्रवाशाला आणणारी बस किती मिनिटांनी येईल, ते अर्ध्या सेंटच्या नव्या आराखड्यात लिहावं लागेल, आणि तो लिहायला 2036 च्या बराच आधी बसावं लागेल.